आजार लपवणे ही परदापोशी आहे काय?

दुसऱ्याचे उणे झाकावे, ही शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून दिली जाते. जो आपल्या बांधवाचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह परलोकात झाकील, असे आश्वासन प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिले आहे. म्हणूनच परदापोशी हा शब्द आपण आदराने उच्चारतो. परंतु याच शब्दाच्या आडोशाला एक निराळीच गोष्ट येऊन बसली आहे. घरात कोणाला क्षयरोग झाला, तर तो लपवण्यालाही आपण परदापोशीच म्हणू लागलो आहोत. वाचकहो, हे म्हणणे धर्माच्या कसोटीला उतरते काय, याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे. कारण या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाच्या तरी मुलाचे प्राण अवलंबून असतात.

मुंबईतील डिलाईल रोडचे उदाहरण घ्या. सरकारी कागदांवर हा ना. म. जोशी मार्ग. सात रस्त्यापासून लोअर परळकडे जाणाऱ्या या रस्त्यावर एके काळी गिरणीच्या भोंग्यावर दिवस सुरू होत असे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने येथे ३२ बीडीडी चाळी बांधल्या. एका बिऱ्हाडाची खोली १६० चौरस फुटांची, आणि शौचालय मजल्यावरील सर्वांना मिळून. आता त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. पण अशा एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिल्या. क्षयरोगाचे जंतू खोकल्यावाटे हवेत येतात आणि वारा न खेळणाऱ्या खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. अशा घरात कोणाचाही श्वास केवळ त्याचा स्वतःचा नसतो. जी हवा आजोबा सोडतात, तीच हवा त्यांच्या कुशीत निजलेले नातवंड घेते.

चाळीत भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येतो. तरी त्या खोकल्याचे नाव कोणाच्या कानी पडू नये अशी धडपड चालते. लेकीचे लग्न ठरायचे असते, मुलाची नोकरी नवी असते. मग दूरच्या वस्तीतला दवाखाना शोधला जातो, केस पेपरवर पत्ता दुसराच लिहिला जातो, शेजाऱ्यांना साधा ताप असल्याचे सांगितले जाते. हे चित्र कोणा एका समाजाचे वा एका रस्त्याचे नाही. मात्र आपण स्वतःला श्रद्धावंत म्हणवतो, म्हणून आपल्याला त्याचा जाब अधिक कठोरपणे द्यावा लागेल.

प्रथम, त्या केस पेपरवरील खऱ्या पत्त्याचे पुढे काय होते ते समजून घेऊ. रोगसर्वेक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसी पाळत उभी राहते. वस्तुतः त्याचे काम असे आहे : डॉक्टर रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत करतो. त्या नोंदीवरून आरोग्यसेविका घरी येते, घरातील इतरांना खोकला, ताप, वजन घटणे ही लक्षणे आहेत का हे विचारते, आणि पाच वर्षांखालील बालकांना, रोग नसल्याची खात्री करून, तो होऊ नये म्हणून औषध सुरू केले जाते. रुग्णाच्या जंतूंवर कोणते औषध चालते याची तपासणी होते. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून कोणी गोळ्या सोडल्या, तर नोंद असल्यामुळेच ते लक्षात येते. पोषणासाठी दरमहा मिळणारी सरकारी मदतही याच नोंदीवर मिळते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. पत्ता खोटा लिहिला की सेविका चुकीच्या दारावर जाते, आणि ज्या दारामागे ते बालक आहे तेथे कोणीच जात नाही.

आता लपवणाऱ्याची बाजू ऐकू, कारण ती अगदीच पोकळ नाही. तो तीन गोष्टी सांगतो. पहिली, दोष झाकण्याची आज्ञा आहे. दुसरी, सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत इतरांच्या गोष्टी हेरत फिरण्यास मनाई आहे. तिसरी, रोग देणारा आणि बरे करणारा अल्लाहच आहे, मग माणसांच्या वहीत नाव कशाला?

पहिल्या गोष्टीचे उत्तर असे की, आजार हा गुन्हाही नाही आणि पापही नाही. झाकायचे असते ते माणसाचे स्खलन, ज्याची तौबा तो आपल्या पालनकर्त्यापुढे करू शकतो. खोकल्याची तौबा होत नाही, त्यावर उपचार होतो. ज्या गोष्टीमुळे दुसऱ्याला इजा पोहोचते ती झाकण्याचा न्याय वेगळा आहे, आणि तो मदीनेच्या बाजारात स्पष्ट झाला आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो आतून ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पावसाबद्दल त्याला दोष दिला गेला नाही. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, एवढेच त्याला विचारले गेले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले गेले. धान्य भिजणे त्याच्या हाती नव्हते, ते आत दडवणे मात्र त्याच्या हाती होते. आजाराचेही असेच आहे. आजारी उंटांच्या मालकाने ते निरोगी उंटांत आणू नयेत, ही आज्ञाही आपल्याला ठाऊक आहे. जनावरांच्या बाबतीत जी काळजी आवश्यक ठरली, ती आपल्या भाचरांच्या बाबतीत अनावश्यक कशी ठरेल?

तिसऱ्या गोष्टीचे उत्तर ह. उमर (रजि.) यांच्या सीरियाच्या प्रवासात आहे. ‘सर्ग’ या ठिकाणी सीरियातील सेनानायक त्यांना भेटले आणि पुढे प्लेगची साथ असल्याचे त्यांनी सांगितले. खलीफांनी मुहाजिरांशी, अन्सारांशी, मग कुरैशच्या ज्येष्ठांशी विचारविनिमय केला आणि माघारी फिरण्याचे ठरवले. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी अल्लाहने ठरवलेल्या गोष्टीपासून पळण्याबद्दल आक्षेप घेतला, तेव्हा उमर (रजि.) यांनी हिरव्या आणि उजाड अशा दोन उतारांचा दाखला दिला : उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्याच योजनेत मोडते, म्हणून हिरवा उतार निवडणे हे त्या योजनेबाहेर जाणे नव्हे. पुढे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथीच्या प्रदेशात जाऊ नये, तेथे असल्यास पळून जाऊ नये, ही प्रेषितवाणी त्यांनी सांगितली.

हा प्रसंग आपण तवक्कुलच्या संदर्भात नेहमी ऐकतो. परंतु त्यातील एक गोष्ट नजरेतून निसटते. हा सारा विचार झाला तो सेनानायकांनी खरी बातमी दिली म्हणून. आपल्या प्रांताची नाचक्की होईल, खलीफा नाराज होतील, अशा विचाराने त्यांनी साथ लपवली असती, तर सारा काफिला साथीत शिरला असता. शहाणपणाचा निर्णय खऱ्या बातमीवर उभा असतो. ती बातमी देणे म्हणजे साक्ष देणे. आणि सूरह बकराच्या २८३ व्या आयतीने साक्ष लपवणाऱ्याच्या अंतःकरणाला अपराधी ठरवले आहे. ती आयत देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल आहे हे खरे. पण दिरहमांची साक्ष लपवणे अपराध असेल, तर श्वासाची साक्ष लपवणे त्याहून हलके कसे मानता येईल?

येथे काही जण संसर्ग नाकारणाऱ्या हदीसचा दाखला देतात. बहुसंख्य विद्वानांनी तिचा अर्थ असा लावला आहे की, रोग स्वतःच्या सामर्थ्याने, अल्लाहच्या इच्छेविना पसरतो ही अज्ञानकाळातील समजूत तिने खोडून काढली. कारणांचा निषेध केला नाही. अन्यथा आजारी उंट वेगळे ठेवण्याच्या आज्ञेला अर्थच उरला नसता. चौदाव्या शतकातील ग्रनाड्याचे विद्वान इब्नुल खतीब यांनी तर प्लेगच्या निरीक्षणांवरून संसर्ग ही वस्तुस्थिती असल्याचे ठामपणे मांडले.

राहिली दुसरी गोष्ट, हेरगिरीची. तेथे मात्र लपवणाऱ्याच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणा ठरेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. सात रस्त्याजवळचे, डिलाईल रोडच्या तोंडाशी असलेले हे रुग्णालय आज आपण कस्तुरबा या नावाने ओळखतो. पुढे ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून तंटा पेटला, दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यू लपवू लागले, आणि शहराची सुमारे निम्मी वस्ती गाव सोडून गेली. ती आपल्याबरोबर काय काय घेऊन गेली असेल, याची कल्पना करा.

त्याच साथीत उलट उदाहरणही घडले. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. तेव्हा विशीच्या आसपासचे तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपली वास्तूही दिली. १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. सक्तीने जे साधले नाही ते विश्वासाने साधू लागले.

अलीकडचीही आठवण ताजी आहे. मार्च २०२० मध्ये कस्तुरबात मुंबईचे पहिले करोना रुग्ण दाखल झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस, दिल्लीच्या मर्कजवरून, एका आजाराचे खापर संपूर्ण समाजावर फोडले गेले. ३० मार्च रोजी महापालिकेने सर्व करोना मृतांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि ते लगेच बदलावे लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे दिसते, असे मत नोंदवले. तोवर कित्येकांच्या मनात चाचणी आणि बदनामी यांची गाठ पक्की बसली होती. जे अधिकारी नोंदी ठेवतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. रुग्णाने दिलेले नाव ही अमानत आहे. ती फुटली की पुढचा रुग्ण नाव देत नाही.

मग एका बाजूला लपवणे आणि दुसऱ्या बाजूला बदनामी, यांतून वाट कोणती? ती सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत स्पष्ट दाखवली आहे. शांततेची वा भीतीची बातमी हाती येताच ती सर्वत्र पसरवणाऱ्यांची तेथे कानउघाडणी केली आहे. ती बातमी प्रेषितांकडे आणि जबाबदार लोकांकडे नेली असती, तर तिचा योग्य अर्थ लावणाऱ्यांना ती कळली असती, असा तिचा आशय आहे. वाचकहो, या आयतीने बातमी दाबायला सांगितलेले नाही आणि उधळायलाही सांगितलेले नाही. ज्याला तिचा अर्थ लावता येतो आणि त्यावर काही करता येते, त्याच्यापर्यंत ती न्यायची आहे. म्हणून लेकीचा क्षयरोग दवाखान्याला खऱ्या नावापत्त्यासह सांगावा, आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला सांगू नये. शेजारणीच्या घरी आरोग्यसेविका आलेली दिसली, तर ती का आली हे विचारत फिरू नये. येथे परदापोशी आपले खरे काम करते : डॉक्टरांपुढे उघडे, जगापुढे झाकलेले.

आणि लग्नाचे काय? पूर्ण उपचार घेऊन बरे झालेले दुखणे हे दूषण नव्हे. त्याचा डंका पिटण्याची गरज नाही. परंतु आजार अंगात असताना, औषध चालू असताना तो लपवून निकाह लावणे हे त्या ओल्या धान्यासारखेच आहे. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून संसर्ग होण्याची शक्यता काही आठवड्यांतच झपाट्याने घटते. सहा महिने थांबण्याने नाते तुटत असेल, तर ते पुढे किती टिकले असते?

साक्ष अप्रिय असू शकते, तरी ती द्यावी लागते. याचा सर्वांत सुंदर नमुना हदीसशास्त्राच्या एका महान विद्वानाने ठेवला आहे. इमाम इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांनी प्लेगवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यांच्या स्वतःच्या मुली प्लेगने गेल्या होत्या. हिजरी ८३३, म्हणजे इ. स. १४३० मध्ये काहिऱ्यात साथ आली, तेव्हा दररोज मरणाऱ्यांची संख्या चाळीसच्या आत होती, असे त्यांनी नोंदवले. मग लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले, शहराबाहेर मैदानात मोठ्या संख्येने एकत्र येऊन दुआ केली आणि ते परतले. महिना संपण्यापूर्वी रोजचे मृत्यू एक हजाराच्या वर गेले. इमामांनी हे आकडे दडवले नाहीत. दुआसाठी जमलेल्या लोकांच्या भावना दुखावतील म्हणून ते मोघमही लिहिले नाहीत. साथ हटवण्यासाठी असा मेळावा भरवण्याची रीत प्रेषितांच्या आचरणात नाही, हा मुद्दा त्यांनी त्या आकड्यांसह मांडला. दुआवर त्यांचा विश्वास तुमच्या-माझ्याहून कमी नव्हता. पण मोजणे आणि खरे लिहिणे हाही त्यांच्या दृष्टीने दीनचाच भाग होता.

हाच न्याय रुग्णालयांनाही लागू आहे. रुग्ण एका आजारासाठी दाखल होतो आणि तेथेच त्याला दुसरा जडतो : शस्त्रक्रियेच्या जखमेत पू होतो, लघवीच्या नळीतून जंतू शिरतात, व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनिया होतो. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील काही रुग्णालये कर्मचाऱ्यांमध्येच करोना पसरल्याने बंद ठेवावी लागली होती. असे संसर्ग मोजण्याची ठरलेली पद्धत आहे. साधारणतः दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग रुग्णालयाचा धरला जातो आणि एक हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे किती जणांना न्यूमोनिया झाला, असा दर काढला जातो. हिशेब होण्याआधी स्वतःच स्वतःचा हिशेब घ्या, या आशयाचा ह. उमर (रजि.) यांचा उपदेश प्रसिद्ध आहे. रुग्णालयाने आपले संसर्ग मोजणे हा त्याच मुहासब्याचा प्रकार होय.

मोजल्याने काय होते, ते १८४७ मध्ये व्हिएन्नात दिसले. तेथील प्रसूतिगृहाच्या दोन विभागांपैकी डॉक्टरांच्या विभागात सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक बाळंतिणी दगावत. दोन्हींकडील मृत्यू लिहिलेले होते, म्हणून इग्नाझ सेमेलवाइस यांना हा फरक दिसला. शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू घटले. अनेक वरिष्ठांना मात्र आपल्याच हातांचा दोष मान्य करणे जड गेले.

येथे आपल्यावरही एक जबाबदारी येते. जे रुग्णालय प्रामाणिकपणे मोजते, त्याचा आकडा न मोजणाऱ्यापेक्षा वाईट दिसतो. ज्या वस्तीत कसून शोध होतो, तेथे रुग्ण जास्त सापडतात. २०१२ च्या आरंभी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण पुढे आणले, तेव्हा आधी त्या आजाराच्या नावावरूनच वाद झाला. पण त्याच वर्षी मे महिन्यात, क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. आरसा दाखवणाऱ्याला शिक्षा केली, तर उद्या कोणी आरसा धरणार नाही. म्हणून आकडा ऐकताच बोट दाखवण्यापूर्वी, तो कोणी आणि किती कष्टाने शोधला हे विचारावे.

आणि आपले स्वतःचे आचरण? रुग्णाची विचारपूस ही सुन्नत आहे. पण दहा जणांनी मिळून जाणे, शेजारच्या रुग्णाच्या खाटेवर बसणे, लहान मुलांना बरोबर नेणे, हे त्या सुन्नतमध्ये मोडत नाही. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्याला रुग्णाजवळ जाण्याआधी आणि नंतर हात धुण्याचा कंटाळा शोभत नाही. शिंकताना तोंड झाकण्याची रीत तर आपल्याला प्रेषितांनीच (स.) घालून दिली आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, पत्ता खरा लिहावा, औषध पुरे करावे.

सकीफ टोळीच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप पाठवला की, त्याची प्रतिज्ञा स्वीकारली आहे, त्याने परत जावे. हातात हात दिला गेला नाही, तरी त्याची बैअत पूर्ण झाली. संसर्गापासून जपणूक झाली आणि माणूस नाकारला गेला नाही. आपल्या मोहल्ल्यातील क्षयरुग्णाला अशी वागणूक मिळाली, तर त्याला खोटा पत्ता लिहिण्याची गरजच भासणार नाही. तो पत्ता त्याने एकट्याने खोटा लिहिलेला नसतो. त्यामागे आपल्या सर्वांच्या नजरा असतात.

अल्लाह आपल्याला खरी साक्ष देण्याचे धैर्य देवो, दुसऱ्याची अमानत सांभाळण्याची बुद्धी देवो आणि आपल्या आजारी बांधवांना पूर्ण आरोग्य देवो. आमीन.